जर्मनाने विरघळवलेला माझा गणपती

एका जर्मन शिल्पकाराने मला फसवलं. माझा काळा दगड त्याच्याकडे गेला, माझा गणपती पाण्यात गेला, आणि वर मिशिगनमधलं आमचं सगळं ट्रॉय गाव त्यालाच 'आजोबा' म्हणतं. सुरुवातीलाच हे सांगून टाकतो, म्हणजे मध्येच कुणी 'पण त्यांचीही काही बाजू असेल की' असं म्हणायला नको. त्याची बाजू मांडायला माझ्याच घरात दोन वकील बसले आहेत, बायको आणि मुलगी. मी माझी बाजू मांडतो.

मी दगड विकतो. लोकांच्या किचनचे काउंटरटॉप, म्हणजे आपले ओटे. मिशिगनला आलो तो बायकोच्या मागे. तिला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी होती, माझ्याकडे बी.कॉम.ची पदवी आणि तोंड, एवढंच भांडवल. पदवी इथे कुणी विचारली नाही. एका दगडवाल्याकडे पाण्याच्या करवतीपाशी उभा राहून मी कितीतरी हिवाळे भिजलो आणि मग स्वतःचं यार्ड काढलं. आता माझ्याकडे ग्रॅनाइटच्या लाद्या पुस्तकांसारख्या उभ्या रचलेल्या असतात आणि त्यांच्यामधून मी एखाद्या जहागिरदारासारखा हिंडतो. बायको म्हणते, ग्रंथपालासारखा हिंडा, तेवढीच वाचनाची हवा लागेल.

आमच्या मराठी मंडळात सगळे इंजिनिअर. कुणी गाड्यांच्या ब्रेकमध्ये, कुणी सॉफ्टवेअरमध्ये. त्यांच्यात मी 'काउंटरटॉपवाले काका'. प्रत्येकाच्या किचनमध्ये माझा दगड आहे, प्रत्येकाने तो नातं सांगून, ताणून ताणून स्वस्तात नेला आहे, आणि त्यावर पोळ्या लाटताना माझी आठवण एकालाही येत नाही. म्हणून मला आयुष्यात एक गोष्ट हवी होती. मंडळाचा स्वतःचा हॉल होईल तेव्हा त्यात दगडाचा गणपती बसवायचा, आणि त्याच्या बैठकीवर आमच्या घराण्याचं नाव कोरायचं. प्लास्टिकची पाटी नको, स्टिकर नको. कोरलेलं. नातवंडांची नातवंडं येऊन बोट फिरवतील असं.

यार्डाच्या मागच्या कोपऱ्यात एक काळाभोर ठोकळा पडला होता. भारतातून आलेल्या एका कंटेनरमधून तो चुकून आला. पाठवणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "शेठ, ठेवून घ्या, आमच्याकडून भेट." भेट कसली, शिक्षा! माझ्या करवतीत तो मावत नव्हता. फोर्कलिफ्ट त्याला उचलताना म्हाताऱ्यासारखी कण्हायची. त्याच्याभोवती गवत वाढलं, खाली कुठल्यातरी प्राण्याने बिळं केली. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला तो दाखवायचो आणि प्रत्येक गिऱ्हाईक विचारायचं, "याचं करायचं काय?"

एका वसंतात हा जर्मन आला. उंच, कमरेत वाकलेला. बाकी शरीर वाळलेलं, पण हात दुसऱ्याच कुणाचे तरी वाटावेत इतके जाडजूड. मी त्याला क्वार्ट्झ दाखवायला लागलो. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ मागच्या कोपऱ्यात गेला, खिशातून छोटा हातोडा काढला, ठोकळ्यावर ठक् केलं आणि कान लावून बसला. मग दुसऱ्या बाजूने ठक्.

मी मनात म्हटलं, लागला मासा गळाला.

मी सुरू झालो. हा साधा दगड नाही, आमच्या देवळांतल्या मूर्ती याच जातीच्या दगडाच्या, हजार वर्षं टिकतो, इथे अमेरिकेत दुसरीकडे मिळून दाखवा. मग आकडा सांगितला. तो गप्प. मला भांडणारं गिऱ्हाईक चालतं, रडणारं चालतं, 'शेजारच्या यार्डात स्वस्त आहे' म्हणणारं तर फारच आवडतं. पण गप्प बसणाऱ्याशी घासाघीस कशी करायची हे मला कुणी शिकवलेलं नाही. तो काही बोलेना म्हणून मीच थोडा उतरलो. तरी बोलेना. आणखी उतरलो. शेवटी मीच माझ्याशी भांडून माझाच भाव पाडला, आणि तो नुसता दगडावरची धूळ बाहीने पुसत राहिला.

"तुम्ही करता काय?" मी वैतागून विचारलं.

"शिल्पकार आहे."

तिथे माझं डोकं चाललं. निदान मला तसं वाटलं. मी त्याला ऑफिसात नेलं आणि भिंतीवरचा गणपती दाखवला. म्हटलं, या दगडातून मला हा करून द्या, बैठकीवर नाव कोरून. उरलेला दगड तुमचा. पैशांचं नाव नको.

त्याने ती तसबीर खाली काढून खिडकीपाशी नेली. बराच वेळ पाहत राहिला. मला वाटलं, देवाबद्दल काही विचारेल.

"हा बसतो कसा?" तो म्हणाला. "एवढं वजन. मांडी घालून."

"आमच्याकडे सगळे असेच बसतात."

"दाखवा."

मी, ट्रॉयमधला एक प्रतिष्ठित व्यापारी, माझ्याच ऑफिसच्या फरशीवर मांडी घालून बसलो. माझा ड्रायव्हर दारातून बघत होता. जर्मन माझ्याभोवती फेरी मारून म्हणाला, "ठीक आहे. करतो."

घरी येऊन मी बढाई मारली. नको असलेला दगड गेला, फुकटात मूर्ती येणार. मुलगी फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, "बाबा, यू गॉट प्लेड." मीच गंडलो म्हणे! मी म्हटलं, तुला धंद्यातलं काय कळतं? ती म्हणाली, "ओके." या पोरांचं 'ओके' शिवीपेक्षा वाईट असतं.

ठोकळा माझ्याच ट्रकने त्याच्या गॅरेजात पोचवला. तिथे मी वरचेवर जायला लागलो, कारण माल बनत असताना नजर ठेवली नाही तर माणूस बुडतो. त्याला बोलायची सवय नव्हती, पण काम करताना मधूनच एखादं वाक्य सोडायचा. अशा तुकड्यांतून मला त्याचं आयुष्य कळलं.

त्याचा बाप जर्मनीतल्या एका गावात थडगी कोरायचा. तिकडे म्हणे कबरीची जागा कायमची मिळत नाही, काही वर्षांच्या करारावर मिळते. घरच्यांनी करार वाढवला नाही तर दगड उचलतात. मग असे दगड बापाकडे यायचे आणि तो त्यावरची नावं घासून काढायचा. याच्या लहानपणी हेच काम याच्या वाट्याला. बाप नवी नावं कोरायचा आणि हा जुनी घासायचा.

"म्हणजे नाव राहतच नाही?" मी विचारलं.

"राहतं ना. करार असेपर्यंत."

तरुणपणी तो डेट्रॉइटला आला. गाड्यांच्या कंपनीत नवी गाडी बनण्याआधी तिचं पूर्ण आकाराचं मॉडेल मातीत करतात, तो ते करायचा. बॉनेटचा उतार, दाराची वळणं, सगळं हाताने. साहेब लोक यायचे, चष्मे खालीवर करून बघायचे, मान हलवायचे. दुसऱ्या दिवशी ती माती खरवडून पुढच्या गाडीला. सगळी नोकरी अशी गेली. रस्त्यावर त्याने घडवलेल्या किती गाड्या धावतात, एकीवरही त्याचं नाव नाही.

मला त्याची दया आली. म्हटलं, "मग एवढ्या वर्षांत तुमच्याकडे राहिलं काय?"

"पेन्शन," तो म्हणाला, आणि पुन्हा कामाला लागला.

दगडाला हात लावण्याआधी तो मातीत मूर्ती करत होता. पूर्ण आकाराची, आत पाइप आणि तारांचा सांगाडा, वरून ओली माती, रोज रात्री ओल्या फडक्यांत गुंडाळलेली. ती पसंत पडली की तिच्यावरून मापं घेऊन दगड कोरायचा, अशी त्याची पद्धत. मी पसंत करेना. पसंत केलं की भाव संपतो, हा माझा नियम. पोट कमी आहे, म्हटलं. त्याने वाढवलं. कान जरा मोठे. केले. सोंड डावीकडेच हवी, उजव्या सोंडेच्या गणपतीचं सोवळंओवळं आमच्या मंडळाला झेपणार नाही. त्याने निमूट वळवली. मी जितक्या मोठ्याने बोलायचो तितका तो माझ्याकडे टक लावून बघायचा. मला वाटायचं, माझ्या म्हणण्याचं वजन पडतंय.

मग एकदा बायकोला दाखवायला नेलं. ती मूर्तीपुढे उभी राहिली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"अहो, हे तुम्ही आहात!"

"काय बोलतेस? देव आहे तो."

"देवच आहे हो. पण हा हात बघा. 'एवढ्यात नाही परवडत' म्हणताना तुम्ही अगदी असाच करता. आणि कपाळावरची ही आठी तर माझ्या रोजच्या ओळखीची."

मी बघितलं. आशीर्वादाचा हात थोडा पुढे झुकलेला, भाव सांगून उत्तराची वाट बघणारा. पोट माझं. मांडी माझी. मी जर्मनाकडे वळलो.

"तुम्ही सारखे समोर उभे असता," तो म्हणाला. "दुसरं मॉडेल कुठून आणू?"

मी चिडायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर घरी जाताना मी गाडीत शीळ घालत होतो. बैठकीवर नाव आणि वर चेहरासुद्धा! पुणेकर इंजिनिअर रांगेत उभे राहून कुणाच्या पाया पडणार, या विचाराने मला इतकं बरं वाटलं की मी पोट कमी करायला सांगितलंच नाही.

इथवर सगळं माझ्या बाजूने होतं. मग गणेशोत्सव आला.

आमच्या मंडळाचा गणपती फायबरचा. वर्षभर तो सेक्रेटरींच्या बेसमेंटमध्ये बबल रॅप गुंडाळून झोपतो. शनिवारी त्याची स्थापना, रविवारी विसर्जन. विसर्जन म्हणजे पळीभर पाणी शिंपडायचं, सगळ्यांनी 'पुढच्या वर्षी लवकर या' ओरडायचं आणि बाप्पा परत बबल रॅपमध्ये. त्या वर्षी सेक्रेटरींच्या बेसमेंटमध्ये पाणी शिरलं आणि फायबरच्या बाप्पांची सोंड कशावर तरी आपटून तुटली. कमिटीत रडारड सुरू झाली. ऐन वेळी मूर्ती कुठून आणायची?

मी फोन केला. "माझी आहे," म्हटलं. "दगडाची होतेय. तोवर तिचं मातीचं मॉडेल आणतो. लोकांना दर्शन होईल."

जर्मन ऐकेना. अजून मापं घेतली नाहीत, म्हणाला. साचा नाही. ओली माती प्रवास करत नाही. मी त्याला तासभर पटवलं. या वेळी तो बोलत होता आणि मी जिंकत होतो, म्हणून मला जास्तच जोर चढला. "सोमवारी सकाळी जशीच्या तशी परत. माझी जबाबदारी. माझा शब्द." शेवटी त्याने खांदे उडवले.

व्हॅनमध्ये मूर्तीला गाद्यांवर ठेवून, ओल्या चादरीत गुंडाळून, इमर्जन्सी लाइट लावून मी ती भाड्याने घेतलेल्या शाळेच्या हॉलवर नेली. मागे गाड्यांची ही रांग, हॉर्नवर हॉर्न. माझं लक्षच नव्हतं. हॉलच्या दाराशी मी बोर्ड लावला होता, त्यावर माझं नाव गणपतीच्या नावाहून जरा मोठं आलं होतं. प्रिंटरवाल्याची चूक, असं मी सांगितलं.

गुरुजी, म्हणजे आठवडाभर बँकेचं सॉफ्टवेअर लिहिणारा आमचा एक तरुण, सोवळं नेसून बसला. पूजा सुरू झाली. मी दाराशी लोकांची वाहवा गोळा करत होतो. आत काय चाललंय याकडे लक्ष गेलं तेव्हा त्याने मूर्तीला दूर्वा लावून प्राणप्रतिष्ठेचे मंत्र संपवत आणले होते.

"अरे, अरे! हे मॉडेल आहे!"

"काका, झालं," तो म्हणाला. "आता बाप्पा आलेत."

मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. रविवारी दुपारी कळला. मंडळाचे अध्यक्ष माइकवर उभे राहिले. पुण्याचे, गोड बोलून मान कापणारे.

"मंडळी, इतकी वर्षं आपण पळीभर पाण्यावर भागवलं. यंदा आपल्या शेठजींच्या कृपेने खऱ्या मातीचा बाप्पा आलाय. आपल्या मुलांनी खरं विसर्जन कधी बघितलेलंच नाही. तेव्हा यंदा..."

पुढचं टाळ्यांत बुडालं. मी धावत पुढे गेलो.

"विसर्जन कसलं? तो परत द्यायचाय! उत्तरपूजा करा, अक्षता टाका, बाप्पा गेले, उरली माती. ती मी घेऊन जातो. दर वर्षी फायबरचा नेताच ना घरी?"

"शेठ, फायबर विरघळत नाही म्हणून नेतो. हा विरघळतो. विरघळणारा गणपती घरी नेऊन ठेवायचा? शास्त्रात बसतं का?"

"तुम्हाला शास्त्र कधीपासून आठवायला लागलं? मोदक दुकानातल्या तयार पेढ्यांचे करता तुम्ही!"

हशा पिकला, पण माझ्या बाजूने कुणी आलं नाही. सगळ्या हॉलभर मी एकटा, देवाधर्माच्या देशातून आलेला माणूस, विसर्जन करू नका म्हणून ओरडत होतो. मुलगी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाबा, प्लीज स्टॉप. इट्स सो एम्बॅरसिंग." तेवढ्यात अध्यक्षांना युक्ती सुचली. "ज्यांनी घडवला त्यांनाच विचारू या की." जर्मनालाही निमंत्रण होतं, तो मागच्या रांगेत कागदी प्लेटमध्ये मसालेभात खात बसला होता. मला हायसं वाटलं. आता हा उभा राहील आणि म्हणेल, माझं काम परत द्या.

त्याने प्लेट खाली ठेवली, तोंड पुसलं, आणि विचारलं, "सगळे येणार बघायला?"

"सगळे," पोरं ओरडली.

"मग करा."

शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये पोरांचा फुगवायचा पूल ठेवून पाण्याने भरला. तळ्यात टाकायला परवानगी नाही. मूर्ती आत बसवली. ढोल, झांजा, 'मोरया'. आणि बाप्पा काही विरघळेनात. ओली माती लगेच विरघळत नाही, हे तिथे एकट्या जर्मनालाच माहीत होतं. बाप्पा पाण्यात माझ्यासारखे मांडी घालून, हात पुढे करून, भाव न पटल्यासारखे बसून राहिले. लोक घड्याळं बघायला लागले, सोमवारी सगळ्यांना ऑफिस. मला वाटलं, वाचला!

तेव्हा जर्मनाने बूट काढले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तो त्या निळ्या, मासे छापलेल्या पुलात उतरला. सोंडेवर दोन्ही हात ठेवून त्याने ती अलगद चोळायला सुरुवात केली. पोरांना म्हणाला, या. पोरं कपड्यांसकट आत. कुणी कान चोळतंय, कुणी पोट. माझी मुलगी, जिला आरतीला उभं करायला मला आयफोनचं आमिष दाखवावं लागतं, ती कोपरापर्यंत मातीत हात घालून कपाळावरची आठी पुसत होती. जर्मन त्यांना सांगत होता, जोर नको, बोटं ओली ठेवा, फिरवत राहा. तो हसत होता. त्याला हसताना मी पहिल्यांदा बघितलं. बायको शेजारी उभी होती, तिच्या डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, "रडतेस काय? माझा चेहरा गेला." ती म्हणाली, "गप्प बसा हो जरा."

शेवटी पुलात तारांचा सांगाडा उभा राहिला आणि गढूळ पाणी. जर्मन माझ्याकडे आला. मला वाटलं, आता तरी वाईट वाटलं म्हणेल.

"आयुष्यभर माझं काम खरवडलं," तो म्हणाला. "आधी पाया पडून मग खरवडलं, असं आजच झालं."

मग त्याने आपला सांगाडा उचलला. माती गाळून बादल्यांत भरली, पुन्हा वापरता येते म्हणे. सगळं त्याच्या गाडीत गेलं. माझ्या वाट्याला आलं ते ओले बूट आणि मासे छापलेला पूल, कारण त्याचे पैसेही अध्यक्षांनी माझ्याकडूनच घेतले होते.

सोमवारी मी गॅरेजात गेलो. म्हटलं, करार दगडाचा होता. दगड आहे, तुम्ही आहात, कोरा. तो म्हणाला, "तुम्ही गणपती मागितला. मी केला. तुमच्या लोकांनी तो पूर्ण केला." मी आवाज चढवला, वकिलाचं नाव घेतलं, टेबलावर हात आपटला. तो गप्प. तीच जुनी युक्ती, आणि मी पुन्हा तिच्यात सापडून स्वतःशीच भांडत बाहेर पडलो.

पुढच्या उन्हाळ्यात कळलं, त्याने दगड कोरला. धावत त्याच्या अंगणात गेलो. माझ्या काळ्या ठोकळ्याला त्याने वरून एक गुळगुळीत खोलगट जागा कोरली होती. कुणीतरी मांडी घालून बसून उठून गेल्यावर गादीवर खळगा राहावा तशी. त्यात पावसाचं पाणी साठलं होतं. एक चिमणी पीत होती. बाहेरून काही नाही, नाव नाही, तारीख नाही. इथल्या एका लायब्ररीने तो बागेत ठेवून घेतला आहे. लोक हळू आवाजात बोलत बघतात, फोटो काढतात. मी माझ्या शोरूममध्ये वर्षानुवर्षं ग्रॅनाइटचे सिंक विकतो. ते बघून कुणी आवाज हळू केलेला नाही.

आणि तो म्हातारा आता दर वर्षी मंडळासाठी मातीचा गणपती करतो. श्रावण लागला की पोरं त्याच्या गॅरेजात माती मळायला जातात. त्याला मोदक जातात, दिवाळीचा फराळ जातो, त्याचं अंगण आमच्या अध्यक्षांचा मुलगा साफ करतो. दर वर्षी नवा चेहरा. गेल्या वर्षीचा अध्यक्षांसारखा होता, त्यांच्या लक्षात आलेलं नाही, मी सांगणारही नाही.

मी त्याला पुन्हा विचारलं. दर वर्षी सगळ्यांना करून देता, मग मला एक दगडात करायला काय हरकत? बैठकीवर नावसुद्धा नको, म्हटलं. हे म्हणणं म्हणजे स्वतःचाच भाव पाडणं, पण म्हटलं. त्याने माझ्याकडे तसंच टक लावून बघितलं, पोटापासून कपाळापर्यंत, आणि मातीत हात घातला. हो नाही, ना नाही.

मुलीला मी हे सगळं इंग्रजीत करून त्याला वाचून दाखवायला सांगितलं आहे. तिने 'ओके' म्हटलं आहे, म्हणजे करणार नाही. तर मग मी इथेच विचारतो, सगळ्यांच्या देखत. महाशय, दगड माझा होता, करार आपल्या दोघांचा होता, आणि माझ्या वस्तूवर 'करा' म्हणायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? माझा गणपती मला का मिळाला नाही? या वेळी गप्प बसून चालणार नाही. यार्डात या, फरशीवर माझ्यासमोर मांडी घालून बसा, आणि तोंडाने उत्तर द्या.